नारळ जून हाय

जोडतात्या मला 'वाकडे' म्हणून हाक मारायचा. माझं नाव त्याला माहीत नव्हतं असं नाही. राजुरीच्या शिवारात आमची दहा-बारा घरांची वस्ती, तिथे कोणाच्या म्हशीचं नाव काय हेसुद्धा सगळ्यांना पाठ. पण रस्त्यात गाठ पडली की टोपी मागे सारून तो ओरडायचा, "काय वाकडे, साळंला चाललीस व्हय?" ऐकणारे हसायचे. माझा उजवा कोपर वाकडा होता, आणि तो तसा बांधला होता त्यानेच. स्वतःच्या हाताने बिघडवलेल्या वस्तूला नाव ठेवून वर चारचौघांत तिला त्याच नावाने हाक मारायची, याला छाती लागते. ती त्याच्याकडे होती. तोंडावर मी त्याला कायम अहो-जाहो केलं. कागदावर करणार नाही.

जोडतात्या म्हणजे हाडं बसवणारा. हाड मोडलं, सांधा निखळला, बैल लंगडायला लागला, की माणसं थेट त्याच्या अंगणात गाडी सोडायची. बांबूच्या तासलेल्या कांबट्या, उडदाचं पीठ, अंड्यातला पांढरा बलक आणि कसल्याशा पाल्याचा रस, एवढंच त्याचं सामान. पाल्याचं नाव त्याने पोटच्या मुलालाही सांगितलं नव्हतं. एक पैसा घ्यायचा नाही. "हात देवानं दिलाय, त्याचं भाडं मी कशापायी घिऊ?" म्हणायचा. लोकांना हे फार आवडायचं. मला वाटतं, घेतले असते तर बरं झालं असतं. पैसे मोजलेल्या माणसाला निदान तक्रार तरी करता येते.

त्याचा उजवा अंगठा मात्र खरी चीज होती, हे मी नाकारत नाही. दुखऱ्या जागेवर तो अंगठा टेकवायचा आणि मान फिरवून भलतीकडेच बघायचा. गोठ्याकडे, नाहीतर आभाळाकडे. "डोळं मधी आलं की अंगठा गप बसतो," असं त्याचं म्हणणं. कातडीखाली हाड कुठे तुटलंय, कोणतं टोक कोणावर चढलंय, ते त्याला त्या अंगठ्यातून कळायचं. समोरच्याला बोलण्यात गुंतवायचा. "पावणं, नारायणगावात टोमॅटोला काय भाव निगाला काल?" पाहुणा भाव सांगायला तोंड उघडायचा आणि भावाच्या जागी त्याच्या तोंडून किंकाळी निघायची. तोवर हाड जागेवर. नडग्या, मनगटं, खांदे त्याने किती सरळ केले याला हिशेब नाही. पारगावच्या कारखान्यावर तोडीला आलेली माणसं उसाच्या मोळीखाली सापडून त्याच्याकडे यायची आणि पुढच्या हंगामात मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून चढताना दिसायची. कोपर मात्र निराळी गोष्ट आहे. त्यातून लहान मुलाचा कोपर.

मी आठ वर्षांची असताना वाढ्यांच्या गाडीवरून पडले. उसाचे हिरवे शेंडे म्हणजे वाढे. गुरांसाठी गाडी भरली की त्या ढिगावर बसून घरी यायचं ही आम्हा पोरांची चैन. चाक पाटाच्या चारीत गेलं, मी हातावर आपटले. आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, बैल तसेच हाकले ते जोडतात्याच्या अंगणात. मागोमाग अर्धी वस्ती. तात्याने अंगठा टेकवला, मान गोठ्याकडे वळवली आणि नेहमीपेक्षा बराच वेळ गोठ्याकडे बघत राहिला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "रडलीस तर दुसराबी मोडीन."

मी रडले नाही. आठव्या वर्षी अशा गोष्टी खऱ्या वाटतात.

महिन्याने कांबट्या सोडल्या. हात कोपरापासून आत वळलेला, विळ्यासारखा. पुरता सरळही होईना. आण्णा भीत भीत म्हणाले, "तात्या, जरा वाकडा दिसतोय." तात्या म्हणाला, "वाढीचं हाड हाय. जाईल सरळ." हाड वाढलं, आणि वाकडेपणही त्याच्याबरोबर वाढत गेलं.

पण खरी शिक्षा असायची दसऱ्याला. जोडतात्याचा नियम होता की ज्याचं हाड जुळलं त्याने दसऱ्याला नारळ घेऊन यायचं आणि जुळलेल्या अवयवाने साक्ष द्यायची. हात जोडला असेल तर त्याच हाताने अंगणातल्या काळ्या दगडावर नारळ फोडायचा. पाय जोडला असेल तर नारळ घेऊन घरापासून चालत यायचं. गाडीतून आलेला नारळ परत. बरगडीवाल्याने ओढ्याच्या पलीकडून तात्याच्या नावाने हाक मारायची, ती अंगणात ऐकू आली पाहिजे. मोठी जत्रा भरायची. आपट्याची पानं, पेढे, थट्टामस्करी. आणि त्यात मी. "माणसानं एक पैसा घेतला नाही, आपण नारळालाही चुकायचं का?" असं म्हणून आण्णा मला दरवर्षी न्यायचे. वाकड्या हाताचा घाव दगडावर नीट बसत नाही. नारळ निसटून घरंगळायचा. कोणीतरी तो पायाने माझ्याकडे ढकलायचं. पुन्हा हाणायचा, पुन्हा घरंगळायचा. लोक हसायला लागले की जोडतात्या मिशीवरून बोट फिरवून निकाल द्यायचा, "नारळ जून हाय."

नऊ दसरे हेच. माझा हात चांगला होता आणि नारळ जून होता.

दहाव्या वर्षी मी गेले नाही. आण्णांनी महिनाभर अबोला धरला, धरू दिला. पुढे नर्सिंगला गेले. मुलाखतीत सेवेबद्दल विचारलं तेव्हा सेवेबद्दल बोलले, पण मला हाडांच्याच दवाखान्यात काम हवं होतं आणि त्याचं कारण सेवा हे नव्हतं. दरम्यान मला बघायला येणाऱ्यांसमोर चहाचा ट्रे दोन्ही हातांनी कसा धरायचा म्हणजे कोपर कळत नाही, ते आईने शिकवलं होतं. एकाला तरीही कळला. त्याने नकार दिला, ते उत्तमच झालं; नंतर त्याचा संसार मी पाहिला आहे. ज्यांनी होकार दिला ते, माझे यजमान, आजही मला घट्ट डबे उघडून देतात आणि त्यावर काही बोलत नाहीत.

नारायणगावात हायवेजवळच्या एका दवाखान्यात ऑपरेशन थिएटरची सिस्टर म्हणून लागले. पहिल्याच आठवड्यात डॉक्टरांनी माझ्या कोपराचा एक्स-रे काढायला लावला आणि दिव्यासमोर धरून म्हणाले, "पहिल्या दिवशी आला असतात तर तासाभराचं काम होतं, सिस्टर." ती फिल्म मी टेबलाच्या खणात ठेवली. कोपर धरून एखादं मूल आलं आणि आजी म्हणायला लागली की आधी तात्याला दाखवून आणू, की मी फिल्म काढायची आणि बाही वर करायची. "हे तात्याचं काम. बघून घ्या." काही ऐकायचे, बरेचसे नाही. त्याचं नाव माझ्या फिल्मपेक्षा मोठं होतं. संध्याकाळी स्टँडवर जीप भरायची वाट बघत मी उभी असायचे, तेव्हा एकच गोष्ट पुन्हा पुन्हा मनात यायची. त्याने एकदा, त्याच काळ्या दगडापाशी, सगळ्यांदेखत म्हणायला हवं की हा हात मी बिघडवला. बाकी काही नको होतं. पण ते हवंच होतं.

तो आला संक्रांतीनंतर, सुमनच्या मागोमाग. सुमन म्हणजे त्याची सून. सरळ, कामाची बाई. त्याचा उजवा हात मळक्या उपरण्यात गुंडाळलेला होता आणि त्याच्याआधी त्याचा वास आत आला. एका बैलाचा पाय बसवताना बैलाने लाथ मारली, मनगटाच्या वर हाड मोडून कातडीबाहेर आलं. ते त्याने डाव्या हाताने आणि दातांनी स्वतःच बांधलं, उघड्या जखमेवर लेप थापून. त्याला आठ महिने झाले होते. हाडातून पू वाहत होता.

मला बघून तो म्हणाला, "वाकडे, तू व्हय हितं?"

"हो, मीच." मी उपरणं सोडायला लागले. इंजेक्शन भरलं आणि म्हटलं, "तात्या, रडलात तर दुसराबी मोडीन."

सुमनने दचकून माझ्याकडे पाहिलं. तो मात्र हसला. त्याला आठवत होतं. ते बघून माझा राग आणखी वाढला.

डॉक्टरांनी एक्स-रे पाहिला आणि लपवाछपवी केली नाही. हाडाचा आतला भाग मेला होता. तो खरवडून काढावा लागणार, मग तिथे पोकळी राहणार, आणि पोकळी राहिली की पुन्हा पू. ती भरायला एक खास काच मिळते, तिचे बारीक दाणे. ती बसली तर हात वाचेल. नाही बसली तर कोपराखाली कापावा लागेल.

"काच?" जोडतात्या म्हणाला. "पायात ग्येली तर आमी सुईनं काढतो, आनि तुमी हाडात घालाय निगाला?"

"खिडकीची नाही, तात्या," डॉक्टर म्हणाले. "ही वेगळी बनवलेली असते. अंगातल्या पाण्यात हळूहळू विरते. तिच्यातून चुन्यासारखी द्रव्यं सुटतात, ती जंतूंना सोसत नाहीत. वर हाडासारखाच थर धरतो, त्यावर तुमचं स्वतःचं हाड चढत जातं. काच जाते, हाड राहतं. वेळ लागतो, वर्ष-दोन वर्षंसुद्धा."

त्याने डाव्या अंगठ्याने मोडलेल्या हाताची कड चाचपली. मग म्हणाला, "म्हंजी कांबटी आतनं बांदायची. आनि ती आपली आपुन इरघळनार."

"अगदी तसंच," डॉक्टर म्हणाले आणि खूश झाले. मला सांगायला लागले, बघा सिस्टर, किती नेमकं समजलं यांना. मी म्हटलं, यांना सगळंच समजतं.

सही करायला पेन धरता येईना, म्हणून अंगठा घ्यायचा होता. शाईचा पॅड मी त्याच्यासमोर धरला आणि मागे घेतला. "एक सांगते. हात वाचला तर दसऱ्याला नारळ घेऊन यायचं. इथं, माझ्याकडं. आणि ह्याच हातानं फोडायचा. नियम तुमचाच आहे."

"आनि ग्येला तर?"

"तर मी येते तुमच्या दगडापाशी. डाव्या हाताने फोडाल त्या नारळाला जून म्हणायचं की काय, ते तेव्हा ठरवू."

सुमनने पदर तोंडाला लावला. असं पेशंटशी बोलू नये हे मला माहीत आहे. मी बोलले. पॅड पुढे केला, त्याने डावा अंगठा उठवला.

ऑपरेशनला फक्त हात बधिर केला होता, माणूस जागा. पडद्याआड काय चाललंय याचं त्याला फार कुतूहल. मेलेलं हाड खरवडल्याचा आवाज आला की विचारायचा, "किती खोल ग्येलं?" मी निर्जंतुक पाकीट फोडून दाणे स्टीलच्या वाटीत ओतले आणि त्याच्याच जखमेतलं थोडं रक्त घालून कालवले. ओल्या वाळूसारखा गोळा होतो. तो म्हणाला, दाखीव की. मी वाटी लांबून दाखवली.

"रवा हाय हा. शिरा करतीस का काय?"

"तुमच्या लेपापेक्षा बरा होईल."

पोकळीत दाणे भरायचं काम डॉक्टरांचं. दर वेळी छोटा चमचा भरून देणं माझं. मी एकही दाणा वाया जाऊ दिला नाही. कोणी म्हणेल दया आली. तसं काही नव्हतं. मला तो हात शाबूत हवा होता, कारण कापलेल्या हाताने नारळ फुटत नाही.

वॉर्डात त्याने सगळ्यांचा जीव काढला. माझी पट्टी बांधून झाली की म्हणायचा, "ढिलं बांदलंस." शेजारच्या खाटेवरच्या माणसाच्या पायावरून डाव्या हाताचा अंगठा फिरवून प्लास्टर वाकडं आहे म्हणून सांगायचा, आणि एकदा तर ते खरंच वाकडं निघालं. नव्या नर्स मुलींना तो अंगठा टेकवून दुसरीकडे बघायला शिकवायचा. मी रागावले की म्हणायचा, "शिकू दे गं, तुजं मिशीन बंद पडलं तर?" पुढे तो महिन्या-दोन महिन्यांनी फोटोला यायचा. पहिल्या एक्स-रेमध्ये दाणे पांढरे, सुटे सुटे दिसत होते. पावसाळ्यापर्यंत त्यांच्या कडा धूसर झाल्या. पू कधीच थांबला होता. तो फिल्म उजेडाला धरून बघायचा आणि मान हलवायचा, काही बोलायचा नाही. बोलला नाही की मला बरं वाटायचं.

दसऱ्याला आम्ही थिएटरमधल्या हत्यारांची पूजा करतो. ड्रिल, हातोड्या, पक्कडी, सगळ्यांना झेंडू. साडेदहाच्या सुमारास दारात जीप थांबली आणि आतून जोडतात्या उतरला, डोक्याला कोरं उपरणं, हातात नारळ. त्याच्यामागे वस्तीवरचे दहा-बारा जण. गोष्ट पसरली होती. ती मीच पसरवली होती. ड्रेसिंगला आलेले पेशंट बाकांवरून उठले. दवाखान्याच्या पायरीपाशी मी एक दगड आणून ठेवला होता, तोही काळा.

त्याने उजव्या हाताने नारळ उचलला आणि हाणला. नारळ फुटला नाही. निसटून माझ्या पायाशी आला.

त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी नारळ पायाने त्याच्याकडे ढकलला आणि मिशी नसलेल्या ओठावरून बोट फिरवलं.

"नारळ जून हाय, तात्या."

हसण्याचा एकच गलका झाला. त्याच्याबरोबर आलेले सर्वांत मोठ्याने हसले, कारण त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी माझे नऊ दसरे पाहिले होते. त्याचे कान लाल झाले. मी हे जितकी वर्षं मनात घोळवलं होतं तितकं ते गोड लागलं, खोटं कशाला बोलू. दुसऱ्या घावाला नारळाची दोन सरळ शकलं झाली. टाळ्या पडल्या. त्याने डॉक्टरांना पेढा दिला, पाया पडला.

मग तो माझ्याकडे आला. न विचारता माझा उजवा कोपर हातात घेतला, अंगठा टेकवला आणि मान वळवून हायवेकडे बघत राहिला. टोमॅटोच्या क्रेटचे टेम्पो चालले होते.

"हितलं टोक फिरलं व्हतं," तो हळूच म्हणाला. "मला त्याच दिशी कळलं व्हतं."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "कळलं होतं?"

"लगीच. पुण्याला न्यायला पायजे व्हतं."

"मग बांधलंत कशाला?"

"तुज्या बापानं समद्या वस्तीदेखत गाडी माज्या दारात सोडली. न्हाई म्हनलो असतो तर दुसऱ्या दिशी कोन आलं असतं?"

इतकी वर्षं मी एका अडाणी माणसावर राग धरून होते. त्याला येत नव्हतं, त्याने केलं, असं. त्या रागात थोडी सवलत असते. आता कळलं की तो गोठ्याकडे इतका वेळ बघत होता तेव्हा तो हाड शोधत नव्हता. तो ठरवत होता. आणि त्याने माझा हात आणि स्वतःचं नाव यांत नाव निवडलं. मिनिटभरापूर्वी नारळावरून मिळालेलं सगळं समाधान गेलं. मी हात सोडवून घेतला.

"हे मला कानात सांगू नका," मी म्हटलं. "पुढच्या दसऱ्याला तुमच्या दगडापाशी बोला. सगळ्यांदेखत. नाही बोललात तर फोटोला येऊ नका माझ्या दवाखान्यात."

दवाखाना माझा नाही, पण तेव्हा ते कोणाच्या लक्षात आलं नाही.

पुढच्या दसऱ्याला मी वस्तीवर गेले. माझ्या नवव्या दसऱ्यानंतर त्या अंगणात पाय ठेवला नव्हता. गर्दी पूर्वीपेक्षा कमी, पण होती. एका माणसाने सात-आठ वर्षांची मुलगी कडेवर आणली होती. परवा पडली, कोपर सुजलेला, तात्याला म्हणाला आलोच आहे तर बघून टाका. जोडतात्याने अंगठा टेकवला, गोठ्याकडे पाहिलं आणि हात काढून घेतला.

"कोपराला मी हात लावत न्हाई."

"असं काय करता तात्या, तुमीच तर…"

"लावला व्हता एकदा. समजून उमजून लावला आनि पोरीचा हात घालवला." त्याने आवाज चढवला, ओढ्यापलीकडे बरगडीवाल्याला ऐकू जाईल इतका. "ती बगा, तिकडं चिंचंखाली उबी हाय. वाकडे, बाही वर कर."

सगळं अंगण माझ्याकडे वळलं. मी हेच मागितलं होतं, शब्दाला शब्द. आणि ते देतानाही त्याने मला पुन्हा दगडापाशी उभं करून दाखवलं. मी बाही वर केली. दुसरं काय करणार? त्या मुलीच्या बापाने माझा कोपर पाहिला, मुलीचा पाहिला आणि मी आले होते त्याच जीपने ती माझ्याबरोबर नारायणगावला आली. डॉक्टरांनी हाडात दोन तारा घातल्या. तिचा हात आज सरळ आहे.

त्यानंतर त्याने एकाही कोपराला हात लावला नाही. मुलं पाठवायचा आणि निरोपही पाठवायचा, "वाकडीला दावा." मी खणातली फिल्म घरी नेली, गरज उरली नव्हती. त्याच्या फोटोंची फाइल मात्र वाढत होती. तिसऱ्या वर्षी मनगटावरचे दाणे शोधावे लागायला लागले. चौथ्या वर्षी डॉक्टरांनी नव्या मुलींना फिल्म दाखवून विचारलं, भर कुठे घातली होती सांगा, तर त्यांना सांगता आलं नाही. तो म्हणाला, "मलाबी न्हाई कळत. अंगठ्यालाबी न्हाई." हे त्याने माझ्याकडे बघत म्हटलं. एवढीच शाबासकी मला त्याच्याकडून मिळाली. मी ती परत केली नाही.

तो गेला झोपेत, आजार-बिजार काही नाही. दुसऱ्या दिवशी सुमनचा फोन आला. "सिस्टर, उद्या राख सावडायची हाय. आमच्या चुलत सासऱ्यांच्या राखंत स्टीलची पट्टी सापडली व्हती, ती नदीत सोडायची का न्हाई यावरनं लई वाद झाला. तात्यांच्या हातातली काच निगाली तर काय करायचं? तुमीच या."

गेले. ओढ्याकाठी राखेवर पाणी मारलेलं, माणसं वाकून हाडं वेचून गाडग्यात ठेवत होती. मला कोणी अडवलं नाही. मी कामाला आले होते. उजव्या हाताच्या बाजूची राख मी बोटांनी चाळली. मनगटाकडच्या हाडाचा बोटभर तुकडा सापडला, पांढरा, हलका. मी त्यावर अंगठा टेकवला आणि पलीकडच्या उसाकडे बघत राहिले. कुठे खरवडलं होतं, कुठे भरलं होतं, काही लागलं नाही.

"काच?" त्याच्या मुलाने विचारलं.

"हाड झालं तिचं. वेगळं काढायला काही नाही."

सुमन माझ्याशेजारी उकिडवी बसली होती. माझी नजर माझ्या कोपरावर आहे हे तिच्या लक्षात आलं असावं. मी हिशेब करत होते. ज्या हातात मी चमच्या-चमच्याने काम केलं त्याच्यात माझी खूण उरली नव्हती. त्याची माझ्यात होती. उद्या मला कोणी सावडेल तेव्हा त्याला ती पहिल्या फटक्यात सापडेल.

"सिस्टर," ती हळूच म्हणाली, "ग्येला का राग आता?"

"राग जून हाय," मी म्हटलं.

तिला स्मशानात हसू फुटलं आणि ते लपवायला तिने तोंड फिरवलं. मी तो तुकडा गाडग्यात इतर हाडांबरोबर ठेवला. पुन्हा शोध म्हटलं असतं, तर मलाही तो ओळखता आला नसता.